तीन निगेटिव्हांचा पूल

दुर्गच्या अलीकडे शिवनाथ नदीवर रेल्वेचा पूल आहे. नागपूरकडून गाडीने येताना तो लागला की बाकांखालचं सामान बाहेर ओढायचं, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. मुलगी लहान असताना खिडकीच्या गजांना नाक लावून ओरडायची, ‘आलं आपलं!’ तिथून भिलाईतलं आमचं मरोद्याचं क्वार्टर चांगलं पंधरा-सोळा किलोमीटर दूर. तिला तसं सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. तिच्या लेखी पूल आला म्हणजे घर आलं.

त्या पुलाचा एक फोटो मला हवा होता. त्यासाठी मी तीन वर्षांत एकतीस रविवार घालवले. आकडा नक्की आहे, कारण वहीत नोंद आहे. तारीख, वेळ, ऊन कसं होतं, कॅमेऱ्याचं छिद्र किती, शटरचा वेग किती, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. निकालाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असं लिहिलेलं आहे.

अडचण उजेडाची होती. मी दुर्गच्या बाजूच्या काठावरून, दुपार कलल्यावर फोटो घ्यायचो. सूर्य पुलाच्या पलीकडे गेलेला असायचा. आकाश पांढरंफटक, गर्डर काळपट, आणि खांबांच्या मधली सावली त्याहून काळी. डोळ्याला हे सगळं एकाच वेळी दिसतं. गर्डरचे रिवेट दिसतात, ढगाची कड दिसते, खांबाला चिकटलेलं शेवाळही दिसतं. फिल्मला दिसत नाही. आकाश सांभाळलं तर पुलाखाली डांबर ओतल्यासारखं होतं, आणि पुलाखालचं सांभाळलं तर आकाश धुऊन जातं.

हे मला नवीन नव्हतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात मी उपकरण विभागात होतो. भट्टीतल्या लाल-पिवळ्या उजेडावरून तिचं तापमान मोजायचं, ते पायरोमीटर आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. एका पायरोमीटरच्या पल्ल्यात सगळ्या भट्ट्या बसत नाहीत. पल्ला बदलावा लागतो, आणि प्रत्येक पल्ल्याचं वाचन वेगळं लिहावं लागतं. मी तेच पुलाला लावलं. कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता एकामागोमाग तीन फोटो घ्यायचे. छिद्र तेच, अकरा. आकाशासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग, गर्डरसाठी साठावा, पुलाखालच्या सावलीसाठी पंधरावा. मग घरी, कोठीच्या खोलीत अंधार करून, एकाच कागदावर तिन्ही निगेटिव्ह पाळीपाळीने छापायचे. आकाश पहिल्यातून, पूल दुसऱ्यातून, पाणी आणि सावली तिसऱ्यातून. बाकीचा भाग तेवढ्या वेळापुरता काळ्या पुठ्ठ्याने झाकून ठेवायचा. पुठ्ठा कापण्यात दोऱ्याएवढी चूक झाली तरी जोड दिसायचा. एकतीस रविवारांतले बरेचसे त्या जोडांत गेले.

पुलावर एक म्हातारा चौकीदार असायचा. मी स्कूटर उभी करून ट्रायपॉड उलगडू लागलो की वरूनच छत्तीसगढीत हाक मारायचा.

“पुल ह कहूँ भागत हे का साहब? हर इतवार देखे बर आथस!”

“नहीं बाबा, फोटो बिगड़ जाता है।”

“त पुल ला दोस झन देबे!”

पुलाला दोष देऊ नका, हे त्याचं म्हणणं बायकोने ऐकलं असतं तर त्याच्या बाजूने बोलली असती.

ती पुण्याची. मी भंडारा जिल्ह्यातला. माझे वडील भिलाईत मजुरीला आले, मी डिप्लोमा करून त्याच कारखान्यात लागलो. लग्न झालं तेव्हा माझं मराठी ऐकून ती पदराआड हसायची. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तिने स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली. मी मोरीतून ओरडलो, “येऊन राहिलो!”

“कुठे येऊन राहिलात?” ती म्हणाली. “घर तर इथे आहे.”

आमच्याकडे ‘येऊन राहिलो’ म्हणजे ‘येतोय’. तिच्याकडे ‘येऊन राहिलो’ म्हणजे आलो आणि तिथेच मुक्काम केला. पुढे घरात तो कायमचा विनोद झाला. मी जेवून राहिलो म्हटलं की ती विचारायची, “मग उपाशी कोण राहिलं?” हळूहळू माझं बोलणं तिच्यासारखं झालं. आता हे लिहितो आहे ते मराठीही तिचंच आहे. ऑफिसात हिंदी, घरात पुणेरी, आणि आमची बोली फक्त शेजारच्या वहिनींशी. त्या गोंदियाकडच्या. त्यांच्या यजमानांना फोन मिळालेला होता, आमचेही निरोप तिथेच यायचे.

बायकोचा जीव भिलाईत रमला नाही. तिने तसं भांडून कधी सांगितलं नाही. मला कामाच्या पाळ्या असायच्या, तिला दुपारी बोलायला कोणी नसायचं. मुलगी शाळेतून येऊन हिंदीत सांगायची, ही मराठीत विचारायची. एकदा मुलीने आजीला पत्र लिहिलं, ते अर्धं हिंदीत होतं. ते पत्र बायकोने पोस्टात टाकलं नाही, कपाटात ठेवलं. रविवार तेवढा माझा मोकळा, आणि रविवारी मी पुलावर.

“त्या पुलात तुम्हाला काय दिसतं हो?” तिने एकदा विचारलं.

मी तिला उजेडाचा पल्ला समजावून सांगितला. वही काढून आकडेही दाखवले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “चार वर्षांत माझा एक फोटो नाही काढलात.”

मी मनातल्या मनात मोजलं. चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. तिला तसं म्हणालो नाही, एवढंच बरं केलं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ती मुलीला घेऊन ठाण्याला भावाकडे गेली. दर सुट्टीत जायची. तिथून थोडे दिवस पुण्याला आईकडे, आणि जूनअखेर परत. आमच्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या शाळा एक जुलैला उघडायच्या. महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यातच उघडतात. हा फरक मला माहीत होता. त्याचा अर्थ काय होऊ शकतो, एवढं मात्र डोक्यात आलं नाही.

या खेपेला स्टेशनवर तिने वेगळंच काहीतरी विचारलं होतं. “आम्ही नाही आलो तर तुम्ही काय कराल?” मी म्हणालो, “का नाही येणार? परतीची तिकिटं बघतोय की मी.” गाडी हलल्यावर मला वाटलं, तिला दुसरं उत्तर हवं होतं. ते कोणतं, हे कळायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. पण तोवर गाडी राजनांदगावच्याही पुढे गेली असेल. पत्रात लिहू म्हटलं. पत्रात नळ दुरुस्त झाल्याचं लिहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मी पहिली पाळी करून आलो तर शेजारच्या वहिनी कुंपणाशी उभ्या होत्या.

“भाऊजी, ताईचा ट्रंककॉल आल्ता.”

“काय म्हणाली?”

“रविवारी येऊन राहिल्या म्हणे.”

“या रविवारी? नक्की तसंच म्हणाली?”

“खरखर लय होती न भाऊजी. आईचं कायतरी म्हणत होत्या, शाळेचं म्हणत होत्या. मले समजलं नाही. पण येवढं साफ आयकू आलं, रविवारी येऊन राहिल्या. आता घर झाडून घ्या. अन् तो कोठीतला फोटोचा कारखाना उचला, नाहीतर त्या उभ्या पायी वापस जातीन!”

मी घर झाडलं. फरशी दोनदा पुसली. मातीच्या माठात पाणी भरलं, मुलीच्या वह्या एकावर एक लावल्या. त्या तीन दिवसांत मला कसला आनंद झाला होता, ते आज सांगायला संकोच वाटतो. ती येणार होती, म्हणजे स्टेशनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आता द्यावं लागणार नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात फोटो आला.

नागपूरकडून येणारी त्यांची गाडी दुपारी साडेचारच्या सुमारास पुलावरून जायची. ती पुढे दुर्गच्या बाहेर सिग्नलला हमखास थांबायची, कधी दहा तर कधी वीस मिनिटं. मी बाहेरगावाहून येताना सहा वेळा तो थांबा घड्याळात मोजलेला होता. पुलापासून दुर्ग स्टेशन स्कूटरने पंधरा मिनिटं. म्हणजे पुलावर गाडीचा फोटो घेऊन मी फलाटावर वेळेत पोचू शकत होतो. गाडी फक्त मधल्या निगेटिव्हमध्ये हवी होती. सावलीचा फोटो आधी घ्यायचा, तेव्हा पूल रिकामा. मग गाडी आली की मधला, ती निघून गेली की आकाशाचा. आणि तो फोटो मी बायकोला देणार होतो. तुझा फोटो आहे, म्हणून सांगणार होतो. या गाडीत तू आहेस, आणि वरचं आकाश आणि खालचं पाणीसुद्धा दिसतंय. मला तो विचार फार चांगला वाटला होता.

रविवारी साडेतीनलाच पोचलो. नदी आटलेली होती, पण खांबांच्या मध्ये पाण्याचे संथ डोह होते, त्यांत पूल उलटा दिसत होता. ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगली. माझा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून वाकून काचेत बघायचा. त्या काचेत उजवं-डावं उलटं दिसतं. पुलाचे सात गाळे चौकटीत घेतले. चौकीदार वरून म्हणाला, “आज अब्बड़ खुस दिखत हस साहब!” मी म्हणालो, “घरवाली आ रही है।” त्याने तिथूनच हात जोडले.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सावलीचा फोटो घेतला. चार-एकोणचाळीसला पलीकडून शिट्टी आली. गाडी डावीकडून पुलावर आली, काचेत ती उजवीकडून शिरली आणि राजनांदगावकडे परत चालल्यासारखी दिसली. मी बटण दाबलं. मग मान वर करून खिडक्या बघत राहिलो. ऊन डोळ्यांवर होतं. हात बरेच बाहेर होते, मुलांचेही होते. एक आवाज ऐकल्यासारखा वाटला, पण लोखंडाच्या धडधडीत काय ऐकू येणार. गाडी गेली. पूल हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली, आकाशाचा फोटो घेतला, आणि सगळं स्कूटरला बांधलं.

दुर्गला पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती. माझा हिशेब तीन मिनिटांनी चुकला होता. मी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी हलल्यावर फलाट रिकामा होत गेला, आणि शेवटी मी, एक चहावाला आणि मालाच्या गोण्या राहिल्या. वाटलं, उशीर झाला म्हणून रिक्षा करून निघाल्या असतील. तसाच घरी गेलो. कुलूप मी लावलं होतं तसंच होतं.

शेजारच्या वहिनी दारात आल्या. “ताई नाही आल्या?”

“आईची तब्येत जरा बरी नाही तिच्या,” मी म्हणालो. का म्हणालो कोणास ठाऊक. मी सहसा खोटं बोलत नाही.

मंगळवारी पत्र आलं. पुण्याहून, फोन केला त्याच बुधवारी लिहिलेलं.

‘मागच्या रविवारी ठाण्याहून आईकडे येऊन राहिले. शेजारी फोन केला होता, निरोप मिळालाच असेल. इथल्या शाळेत हिचा प्रवेश झाला, सोमवारपासून शाळा सुरू. मलाही तिथेच सकाळच्या वर्गावर शिकवायला घेताहेत. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही “बघू” म्हणाला असता, आणि बघता बघता एक जुलै आला असता.’

मी ते वाक्य तीनदा वाचलं. रविवारी येऊन राहिले. शेजारच्या वहिनींनी एक शब्दही चुकीचा सांगितला नव्हता. तिचं वाक्य जसंच्या तसं माझ्यापर्यंत आलं होतं. चौदा वर्षांत मी तिचं मराठी शिकलो होतो, आणि नेमकं हे एक वाक्य माझ्या गावच्या कानांनी ऐकलं.

वहिनींना मी ते कधीच सांगितलं नाही. त्यांना उगाच लागलं असतं.

फिल्म महिनाभर तशीच पडून होती. जुलैच्या एका रविवारी, दुपारी, करायला काही नव्हतं म्हणून कोठीच्या दाराला कांबळं लावलं आणि ती धुतली. तिन्ही निगेटिव्ह उत्तम आले होते. आधीच्या तीस रविवारांत असे कधी आले नव्हते. मधलं निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून बघितलं. अकरा डबे चौकटीत होते. ती गाडीत नव्हती, हे मला आता चांगलं माहीत होतं. तरी मी अकराही डब्यांच्या खिडक्या एकेक करून पाहिल्या. एवढ्या अंतरावरून चेहरे येत नाहीत. गजांवर काळपट ठिपके होते, निगेटिव्हमध्ये ते हात असतील.

पुढच्या रविवारी छापायला बसलो. पुठ्ठे कापले. आपापल्या निगेटिव्हमधून आकाश बारा सेकंद, पूल नऊ, पाणी आणि सावली सोळा. कागद डेव्हलपरमध्ये सरकवला आणि लाल दिव्याखाली बघत राहिलो. आधी गर्डर आले, मग गाडी, मग ढगांच्या कडा. सावलीतलं शेवाळ आलं, खांबांवरचे पाण्याचे जुने वळ आले. जोड कुठेच दिसत नव्हता. मला हवा होता तो फोटो हाच. वही काढून निकालाच्या रकान्यात ‘झाला’ लिहिलं. घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्याखाली रेघ मारली.

दिवाळीला तो फोटो पुठ्ठ्यात बांधून पुण्याला नेला. सासूबाईंच्या दोन खोल्या. मुलगी उंच झाली होती आणि चहाला ‘चहा घेणारात का बाबा’ असं तिच्या आईसारखं विचारत होती. फोटो उलगडल्यावर ती त्यावर ओणवी झाली.

“आपला पूल!” मग म्हणाली, “बाबा, पाण्यात गाडी का नाही?”

मी बघितलं. वर अकरा डबे होते. खाली डोहात तोच पूल उलटा, गर्डर न् गर्डर स्पष्ट, आणि त्यावर काहीच नाही. पाणी सावलीच्या निगेटिव्हचं होतं, गाडी यायच्या अकरा मिनिटं आधीचं. तीन-चार महिने तो फोटो माझ्या टेबलावर होता, जोड शोधण्यासाठी मी तो भिंगातून तपासला होता, आणि हे मला दिसलं नव्हतं.

मी तिला तीन निगेटिव्हांचं सांगितलं. बायको पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. मग फोनचंही सांगितलं, येऊन राहिल्याचं. सासूबाई हसल्या. बायकोही हसली, अगदी पहिल्या वर्षीसारखी, आणि हसता हसता थांबली.

“म्हणजे तुम्ही त्या दिवशी स्टेशनवर आला होता?”

“हो. म्हणजे आधी पुलावर, मग स्टेशनवर.”

“आधी पुलावर,” ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

मी म्हणालो, “तुझ्यासाठीच काढत होतो.” ते खरं होतं. पण बोलून झाल्यावर माझ्या मलाच ते पुरेसं वाटलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुम्हीच इथे येऊन राहा ना.” मी माझ्या नोकरीची राहिलेली वर्षं सांगितली. सतरा. तिने मान हलवली. तिला आकडा माहीत होता. मी तिचा एक फोटो काढला त्या दिवशी, गॅलरीत, कपडे वाळत घालताना. एकच काढला, साठाव्या भागाला.

निघताना दोघी स्टेशनवर आल्या. मुलीने विचारलं, “परत कधी?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मे महिन्यात येऊन राहिलो ना.” मी बायकोकडे बघितलं. ती काहीतरी म्हणेल, कुठे येऊन राहिलात, असं काही. तिने माझ्या पिशवीचा बंद नीट केला आणि म्हणाली, “पाण्याची बाटली वर ठेवलीय.”

ती गाडी शिवनाथला पोचली तेव्हा सकाळ होती. मी डाव्या खिडकीशी होतो. खाली पाण्यावर गाडीची लांब सावली धावत होती, डबे आणि डब्यांमधल्या फटी वेगळ्या दिसत होत्या. मोजायला सुरुवात केली, पण गाळे संपले. समोरच्या बाकावर भंडाऱ्याहून चढलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्या बाकाखाली वाकून बोचकं ओढू लागल्या.

“दुर्ग आलं काय, भाऊ?”

“येऊन राहिलं,” मी म्हणालो.